लिफ्ट चालू आहे

४ फेब्रुवारी

आजपासून कामावर. लेक म्हणाली, आई, पहिल्या दिवसाचं काहीतरी लिहून ठेव, आणि तिचीच अर्धी कोरी राहिलेली डायरी हातात दिली.

लिफ्टच्या देखभालीची कंपनी आहे. माझं काम फोनवर. कुठे लिफ्ट बिघडली की फोन मला येणार, मी त्या भागातल्या मेकॅनिकला धाडायचं, आणि लिफ्ट सुरू झाली की तक्रार करणाऱ्याला उलट फोन करून कळवायचं. लग्नाआधी टेलिफोन ऑपरेटर होते, म्हणून घेतलं असणार. मधली सगळी वर्षं घरच्यांच्या हाका सोडून कुणाचा कॉल घेतलेला नाही.

मालकांना सगळे काका म्हणतात. वेगळी केबिन नाही, आमच्यातच टेबल. मी बसले तर खुर्चीचं एक चाक अडत होतं. ते काकांनी लांबून पाहिलं आणि स्वतः दुसरी खुर्ची ढकलत आणली. ह्यांच्या अर्धांगवायूची चौकशी केली, कुठला व्यायाम देतात, जेवण जातं का, सगळं. मग म्हणाले, "ताई, इथे कुणी नोकर नाही. सगळं घरचं आहे." मला भरूनच आलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांनी चांगला हात वर करून काकांना नमस्कार केल्यासारखं केलं.

८ फेब्रुवारी

शनिवारची बैठक पाहिली. भिंतीवर एक मोठा पांढरा फळा आहे. प्रत्येक मेकॅनिकपुढे हिरवे ठिपके, आणि त्याच्याकडची एखादी लिफ्ट बंद असली तर लाल. ज्याचे सगळे हिरवे त्याच्यासाठी टाळ्या. ज्याच्यापुढे लाल, त्याने उभं राहून कारण सांगायचं. कुणी रागावत नाही. काका फक्त विचारतात, "काय मदत करू तुला?" आणि सगळे त्या माणसाकडे बघत राहतात.

आज एकच जण उभा राहिला. पन्नाशीचे असतील, सावकाश बोलणारे, खांद्याला स्वतःचा थर्मास. म्हणाले, दाराचं कुलूप झिजलंय, नवीन येईपर्यंत लिफ्ट बंदच ठेवणार. काका म्हणाले, बरं. मागून कुणीतरी जांभई दिली आणि सगळे हसले. मीही हसले. नवीन माणसाने गप्प बसून कसं चालेल?

१९ फेब्रुवारी

आज ‘टाका’ म्हणजे काय ते कळलं. मला वाटायचं, ही मंडळी शिवणकामाचं काय बोलतात.

लिफ्टचं दार नीट लागलेलं नसेल तर लिफ्ट हलत नाही, तशी आत तारेची योजना असते. कुलूप खराब झालं की दार लागलं तरी लिफ्टला ते कळत नाही, म्हणून ती थांबून राहते. तेव्हा दोन तारा एकमेकींना जोडून टाकायच्या. लिफ्टला वाटतं दार लागलंय, आणि ती धावू लागते. हा टाका. सुटा भाग आला की उसवायचा. मेकॅनिकांतल्या सगळ्यात तरुणाने, ज्याला सगळे हिरो म्हणतात, त्याने मला हे चहा पिता पिता समजावलं. मी विचारलं, यात धोका नाही ना. तो म्हणाला, ताई, लोकांना जिने चढायला लावले तर हार्ट ॲटॅक येतील, तो धोका नाही का. पटण्यासारखं आहे.

काका शेजारीच होते. टाक्याचा विषय निघाला की ते चष्मा शोधायला उठतात किंवा बाहेर फोन घ्यायला जातात. मोठ्या मनाचा माणूस. कुणाच्या कामात नाक खुपसत नाही.

६ मार्च

मागच्या आठवड्यात एका डॉक्टरांनी फोनवर खनपटीलाच बसून विचारलं, लिफ्ट पूर्ण दुरुस्त झाली आहे की तात्पुरती सुरू केली आहे. मी क्षणभर अडखळले. मग म्हटलं, "आमच्या माणसाने पूर्ण तपासली आहे, निर्धास्त वापरा." फोन ठेवला तर काकांनी अंगठा वर केला. शनिवारी बैठकीत म्हणाले, ताईंचा आवाज ऐकला की समोरच्याचा राग उतरतो. माझ्यासाठी टाळ्या. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्याचं आठवत नाही.

घरी भाजी चिरताना तो डॉक्टर डोक्यात होता. पण दोन दिवसांत सुटा भाग बसला. काही झालं का? नाही.

१५ मार्च

आज माझ्या एका विनोदाने ऑफिस डोक्यावर घेतलं. ते थर्मासवाले पुन्हा लाल ठिपका घेऊन उभे. मी हळूच म्हटलं, "यांना लिफ्ट नको, बसथांब्यावर उभं करा, सगळ्या बस थांबतील." हिरो खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. तिथपासून त्यांचं नाव ‘थांबा’ पडलं. दिवसभर जो तो, थांबा कुठे गेले, थांबांना चहा द्या. त्यांनी ऐकलं. मला म्हणाले, नाव चांगलं शोधलंत. रागावले नव्हते बहुतेक. चेहऱ्यावरून काही कळत नाही त्यांच्या.

१ एप्रिल

काकांनी जाहीर केलं, महिनाअखेरीला अख्खा फळा हिरवा असला तर सगळ्यांची सहल, तळ्याकाठच्या रिसॉर्टमध्ये, घरच्यांसकट. ह्यांच्यासाठी व्हीलचेअर चढेल अशी गाडी सांगतो म्हणाले. हे मला कुणापाशी मागावं लागलं नाही, त्यांच्याच लक्षात आलं.

ह्यांना सांगितलं. आजारपणानंतर हे दवाखान्याखेरीज कुठे गेलेले नाहीत. आता रोज विचारतात, तळ्यात होडी असेल का. लेक म्हणते, बाबांनी पोहण्याची चड्डी शोधायला सांगितली आहे. आम्ही दोघी हसलो आणि मग एकमेकींकडे बघायचं टाळलं.

१८ एप्रिल

थांबांनी एक लिफ्ट बंद केली. पाच मजली जुनी इमारत, हाताने ओढायच्या दारांची लिफ्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं कुलूप पार गेलं आहे. लिफ्ट समोर नसली तरी दार ओढलं की उघडतं, म्हणाले. नवीन कुलूप परगावाहून यायचं, ते या महिन्यात येत नाही.

ऑफिसात कुणी काही बोललं नाही. थांबा आले की फक्त सगळे गप्प होतात. त्यांच्या टेबलावर चहा ठेवायचं आज सगळेच विसरले. मीसुद्धा. मुद्दाम नाही, राहूनच गेलं.

२२ एप्रिल

त्या इमारतीतल्या पडदेवाल्या बाईंचा पुन्हा फोन. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, घरी पडदे शिवून देतात. कापडाचे गठ्ठे जिन्याने न्यावे लागतात. रोज फोन करतात पण तोंड गोड. आज म्हणाल्या, "ताई, माझे गुडघे तुमच्या कंपनीच्या नावाने खडे फोडतायत, मी नाही." मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. खरंच वाईट वाटलं, हे लिहून ठेवते.

२४ एप्रिल

आज मी थांबांना फोन केला.

सकाळी काका फळ्यासमोर उभे होते. एकुलता लाल ठिपका बघून म्हणाले, "अरेरे, घरच्यांनी बॅगा भरल्या असतील." एवढंच. कुणाला उद्देशून नाही. मग गेले.

मी फोनवर थांबांना म्हटलं, काका म्हणतायत, ती लिफ्ट आज सुरू झालीच पाहिजे.

काका असं म्हणाले नव्हते. पण त्यांच्या मनात तेच होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. नुसतं माझ्या सांगण्यावरून थांबा हलले नसते. त्यांनी कुलपाचं पुन्हा सांगितलं. मग म्हणाले, "काका स्वतः म्हणाले?" मी हो म्हटलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. टाका घातला आहे. "तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांना सांगा, दार ओढण्याआधी काचेतून बघायचं, लिफ्ट समोर आहे का. नक्की सांगा." सांगते म्हटलं.

फळा हिरवा झाला. हिरोने थांबांच्या टेबलावर चहा नेऊन ठेवला. ते बसले होते, पण प्यायले नाहीत.

२५ एप्रिल

पडदेवाल्या बाईंना कळवलं, लिफ्ट चालू आहे. काय आनंद झाला त्यांना. म्हणाल्या, तुमच्या घराला पडदे लागले तर शिलाई घेणार नाही. काचेतून बघण्याचं सांगणार होते. पण मग त्यांनी विचारलं असतं, का? म्हटलं, उगाच कशाला घाबरवायचं. एवढंच सांगितलं, बिनधास्त वापरा.

२८ एप्रिल

पडदेवाल्या बाई पडल्या.

दोन्ही हातांत कापडाचा गठ्ठा होता. कोपराने दार ओढलं आणि पाठमोऱ्या आत शिरल्या. आत लिफ्ट नव्हती. ती खाली पहिल्या मजल्यावर होती, तिच्या टपावर पडल्या. जिवंत आहेत. मांडीचं हाड मोडलंय, मणक्याला मार आहे.

तक्रारीचा फोन मीच घेतला. त्यांच्या शेजाऱ्याने केला होता. मी सवयीने म्हटलं, नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते.

२९ एप्रिल

काही सुचत नाही. हातून चहा सांडला, पीठ सांडलं. ह्यांनी खुणेने विचारलं, काय झालं. डोकं दुखतंय म्हटलं.

सारखं मनात येतं, त्यांनी बघायला नको होतं का. कुणीही पाठमोरं शिरतं का लिफ्टमध्ये? असं मनात येतं आणि माझीच मला किळस येते.

३० एप्रिल

काकांनी सगळ्यांना बोलावलं. चेहरा उतरला होता, रात्रभर दवाखान्यात बसून आले होते. हे खरं आहे, बाईंच्या भावाने सांगितलं. म्हणाले, "मी आजवर कुणाला टाका घालायला सांगितलं आहे? कुणीही सांगा, मी ऐकून घेतो." कुणी बोललं नाही. बोलणार काय, त्यांनी कधीच सांगितलेलं नाही. भिंतीवर पाटी आहे, ‘सुरक्षा आधी’. ती फळ्याच्या मागे गेली आहे, पण आहे.

थांबा उभे राहिले आणि म्हणाले, टाका मी घातला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी वाट पाहत होते की बघतील. बघितलं असतं तर मी उठले असते, असं आत्ता वाटतंय. खोटं असेल.

त्यांना घरी बसवलं. सरकारचे लिफ्ट इन्स्पेक्टर चौकशीला येणार आहेत.

पोलिसांनी ती लिफ्ट बंद करून दाराला सील ठोकलं. संध्याकाळी हिरोने विचारलं, मग लाल ठिपका लावायचा का. कुणीतरी म्हणालं, ती आपण बंद केलेली नाही. फळा हिरवाच राहिला.

९ मे

इन्स्पेक्टरांनी थांबांना दोन तास बसवलं होतं. कुणी सांगितलं, असं विचारलं. ते म्हणाले, कुणी नाही. राहणाऱ्यांना धोक्याची कल्पना दिली होती का, असंही विचारलं. म्हणाले, द्यायला हवी होती, राहिली. हे मला काकांनी सांगितलं, आणि वर म्हणाले, बघा, शेवटी प्रामाणिक निघाला.

राहिली नव्हती. त्यांनी मला दिली होती. ती माझ्याकडे राहिली.

१३ मे

थांबांच्या घरी गेले. पत्ता काढायला नाव शोधावं लागलं, इतकं ते थांबा होऊन बसले होते. त्यांच्या बायकोने दार उघडलं. मी ऑफिसातून आले म्हटल्यावर ती आत निघून गेली ती परत आलीच नाही.

मी सांगितलं की काका तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले, "माहीत होतं मला."

मी विचारलं, मग का घातलात.

ते खिडकीची कडी पुन्हापुन्हा लावत आणि काढत होते. म्हणाले, "इतकी वर्षं मी नाही म्हणत आलो. पहिल्यांदा कठीण नसतं. पण रोज ऑफिसात शिरताना आवाज बंद होतात ना, त्याने माणूस झिजतो. त्या दिवशी मला फक्त कुणीतरी चहा विचारावा असं वाटत होतं. तुम्ही काकांचं नाव घेतलंत, मला निमित्त मिळालं. हात माझे होते ताई. ते तुमच्यावर ढकलून मला झोप येणार नाही."

मी म्हटलं, ते नाव मी पाडलं होतं. ते म्हणाले, हो. एवढंच म्हणाले.

१५ मे

काकांना सांगितलं. ते ऐकत होते तेव्हा चष्मा शोधत नव्हते. शेवटी अगदी हळू विचारलं, "मी तुम्हाला तसं म्हणालो होतो का, ताई?"

नाही म्हटलं.

"मग इन्स्पेक्टरना हेच सांगा. जे खरं आहे ते. मी अडवणार नाही." आणि माझ्या हातावर हात ठेवला. बाहेर पडताना पाहिलं तर ते डोळे मिटून खुर्चीत रेलले होते, ओझं उतरल्यावर माणूस रेलतो तसे. दमले असतील बिचारे. माझ्यामुळे केवढा ताप झाला त्यांना.

१७ मे

इन्स्पेक्टरांना सांगितलं. फोन मी केला, काकांचं नाव मी खोटं घेतलं. त्यांनी विचारलं, मालकांच्या तोंडी सूचना होत्या? नव्हत्या. दबाव होता? मी म्हटलं, टाळ्या होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं. टाळ्यांचं काय करायचं ते त्यांना कळेना, मलाही सांगता येईना. शब्द सापडेपर्यंत ते पुढच्या प्रश्नावर गेले होते.

काचेचं नाही सांगितलं. त्यांनी विचारलं नाही, मी काढलं नाही. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की आपण सुटकेचा श्वास सोडलाय.

२४ मे

निकाल लागल्यासारखंच आहे. दोन कर्मचाऱ्यांची चूक, कंपनीचे नियम चोख. मला काढलं. काकांनी पुष्पगुच्छ दिला, नोकरीतून काढतानासुद्धा. सहल पुढच्या आठवड्यात आहे, सगळ्यांची मनं हलकी व्हावीत म्हणून. म्हणाले, तुम्ही ह्यांना घेऊन या, गाडी सांगितलेलीच आहे.

नाही जायचं हे ह्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, पहिल्यापासून, हुंदके देत. हे ऐकत राहिले. मग ओढत ओढत म्हणाले, "तिला... सांगितलंस?"

कुणाला ते विचारावं लागलं नाही.

२ जून

दवाखान्यात गेले. पडदेवाल्या बाईंना आज पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मी धिप्पाड बाई धरून चालले होते. छोटीशी आहे, चादरीखाली दिसतसुद्धा नाही. मी नाव सांगायच्या आधी, "बसू का?" एवढंच म्हटलं, आणि त्या म्हणाल्या, "फोनवरच्या ताई." हसल्या. खुर्ची दाखवली.

त्याच बोलत होत्या. पाय परत टेकवता येईल असं डॉक्टर म्हणतात, जिना मात्र विसरा. भाऊ त्याच्याकडे चल म्हणतोय, पण शिलाई मशीन त्याच्या घरात मावत नाही.

मी सांगितलं. तारा जोडून चालू केली होती हे मला माहीत होतं. दार रिकाम्या जागेवर उघडतं हेही माहीत होतं. काचेतून बघायला सांगा, असं मेकॅनिकने मला बजावलं होतं. ते तुम्हाला सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं नाही.

बाईंनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "परत सांगा. पहिल्यापासून."

मी परत सांगितलं. या वेळी मध्ये थांबले नाही.

"म्हणजे मला कळायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी रोज इथे पडून स्वतःला बोल लावते. भाऊ म्हणतो, डोळे कुठे होते तुझे. नर्स म्हणते, मावशी, बघून चालावं. मीही सगळ्यांना तेच सांगते, माझा वेंधळेपणा." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. खांदे हलत होते. मी हात पुढे केला, त्यांनी तो झटकला, आणि ते योग्यच झालं. तशीच बसून राहिले. जा म्हणतील याची वाट बघत होते.

"माझ्या भावाला सांगाल?" त्या म्हणाल्या. "हे सगळं, असंच?"

सांगेन म्हटलं.

"तो येतो आता. बसा."

मी बसले. भाऊ आला. त्याला सांगितलं. तो ओरडला, वॉर्डातले सगळे बघायला लागले, नर्स धावत आली. बाईंनी त्याला एकदाही अडवलं नाही, आणि मला एकदाही वाचवलं नाही. फक्त उशीवर डोकं जरा उंच करून घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या.

उद्या सकाळी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जायचं आहे. काचेचं राहिलंय.